आमटी, रूळ आणि तुझ्या आखूड स्प्रिंगा

विनू,

काल तुझे सत्तारभाई येऊन गेले आणि तेव्हापासून मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू गेल्यापासून या घरात भांडण असं झालेलंच नाही. तुझे दादा तर आधीही कधी भांडले नाहीत, पेपर जरा वर धरतात की झालं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याशी मन लावून, हक्कानं भांडणारा माणूस म्हणजे तू एकटा. भेटायला येणारे सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. मला आतून वाटत राहतं, कुणीतरी म्हणावं, फार हट्टी होता हो तुमचा दीर. पण कुणी म्हणत नाही.

पुण्याहून हैदराबादला, बरकतपुऱ्याच्या या घरात आले तेव्हा पहिले काही महिने मी तुला 'भावजी, तुम्ही' म्हणत होते. मग तू ती गाडी आणलीस. कुठल्याशा नवाबाच्या जुन्या देवडीच्या, म्हणजे वाड्याच्या, आवारात पडलेली, इंग्रजी बनावटीची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोन सीटांची उघडी गाडी. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या असं तूच कौतुकानं सांगितलंस. दोर बांधून ओढत फाटकातून आत आणलीस तेव्हा नाना व्हरांड्यात उभे होते. आयुष्यभर वकिली केलेले तुझे वडील, त्यातली सुरुवातीची वर्षं उर्दूत युक्तिवाद करण्यात गेलेली, त्यामुळे रागसुद्धा अदबीनं व्यक्त करायचे. "विनायक," ते म्हणाले, "ही गाडी आहे की कुणाची मय्यत?" आणि आत निघून गेले.

त्यानंतर वर्षभर तू गाडीखालीच राहायला गेलास. कारखान्यातून आलास की चहा घ्यायचा आणि खाली सरकायचं. "वहिनी, तो बाराचा पान्हा द्या जी." गाडीखालून नुसते पाय दिसणाऱ्या माणसाला 'तुम्ही' म्हणवेना, तेव्हापासून तू माझ्यासाठी 'तू' झालास. तू मात्र मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिलास, भांडतानासुद्धा.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरंसोरं जमली होती. पण गाडी पळायला लागल्यावर कळलं की ती वळायला तयार नाही. जरा जोरात वळवली की अशी कलायची, की शेजारी बसलेल्याला रस्त्यावरचे खडे हातानं उचलता यावेत. खड्ड्यातून गेली की नंतर बराच वेळ झोके घेत राहायची. मी कॉलेजात मुलींना भौतिकशास्त्र शिकवत होते. स्प्रिंग, वजन, कंपन हा आमचा दुसऱ्या वर्षाचा धडा. मी तुला सांगितलं, स्प्रिंगचं काम गाडी पेलायची आणि शॉकअपचं काम ते झोके थांबवायचे. तुझे शॉकअप मेलेले आहेत, त्यात स्प्रिंगचा काय दोष? तू गाडीखालून म्हणालास, "वहिनी, तुमची फिजिक्स बोर्डावर छान चालते. इथं रोड आहे." मी पान्हा न देता आत निघून गेले.

देशाची दारं नुकतीच उघडली होती, ते दिवस. टीव्हीवर रोज नवं चॅनल दिसायचं, आबिड्सच्या दुकानांत परदेशी वस्तू उघड मांडलेल्या असायच्या आणि तुझे निम्मे मित्र अमेरिकेच्या व्हिसाबद्दल बोलत होते. तोवर तू ट्रकचे पाटे कापून आणि जीपचे रबरी बुश घासूनपुसून बसवत होतास. जे मिळेल ते लावायचं, दुसरा प्रश्नच नव्हता. मग दुबईच्या मित्रानं तुला सुट्या भागांचा एक जाडजूड कॅटलॉग पाठवला आणि आपल्या घरात पहिल्यांदा निवड करण्याची पाळी आली. आपल्यापैकी कुणालाच तिची सवय नव्हती. मला तर साडीच्या दुकानात दोनच्या पुढे तिसरी साडी दाखवली की घाम फुटायचा.

तो कॅटलॉग किती दिवस जेवणाच्या टेबलावर होता, आठवतं? त्याच्या पानावर लोणच्याचं तेल सांडलं म्हणून तू माझ्याशी अबोला धरलास. तुला हव्या होत्या त्या आखूड, कडक स्प्रिंगा. गाडी जमिनीला चिकटून बसेल, वळणावर कलणार नाही, वगैरे. माझं म्हणणं एवढंच होतं, की आधी झिजलेलं बदल. स्प्रिंगा मूळच्याच ताकदीच्या ठेव, शॉकअप चांगले घाल, आणि कलणं कमी करायला पुढच्या दोन चाकांना जोडणारा तो आडवा दांडा जाड बसव. कडक स्प्रिंग आरशासारख्या रस्त्यावर शोभते. आपल्याकडे रस्ता कुठे आहे, खड्ड्यांना जोडणारं डांबर आहे. मी कॅलेंडरच्या पाठीवर आलेख काढून दाखवला. तू तो मनापासून पाहिलास आणि म्हणालास, अक्षर फार सुंदर आहे वहिनी. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

हे सगळं गमतीचं होतं, तोवर गमतीचं होतं. मग तुझ्या सरकारी कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि तू घरात जाहीर केलंस की नोकरी सोडून नामपल्लीला वर्कशॉप काढणार. गाड्यांची नुसती चाल सुधारायची, दुसरं काम घ्यायचं नाही. नवीन नवीन गाड्या येतायत, लोकांना आता नुसतं पोचायचं नाहीये, मजेत पोचायचंय. तू हे बोलत होतास आणि मी नानांकडे बघत होते. या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी, शिकवणं किंवा वकिली, एवढंच केलं होतं. "मिस्त्रीगिरी करणार," नाना म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यांच्या मर्जीविरुद्ध तू राजीनामा दिला नसतास, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. त्या महिन्यात तू गाडीकडे फिरकला नाहीस. मला तुझं ते गप्प बसणं बघवत नव्हतं. तू कारखान्यात कुजत गेला असतास, विनू. दर संध्याकाळी थोडा थोडा.

मग एके दिवशी नानाच म्हणाले, "अर्जी आली आहे तर मोक्यावर जाऊन मुआयना केला पाहिजे. गवाही ऐकून निकाल देत नाहीत."

मुआयना, म्हणजे जागेवरची पाहणी, गुढीपाडव्याला ठरला. त्याला कारण आपल्या घरची ती रीत. सणाला पुरण शिजलं की कटाच्या आमटीचा पहिला डबा भावानं स्वतः बहिणीकडे न्यायचा. नानांची थोरली बहीण, आत्याबाई, अंबरपेठेत राहायच्या. नाना दर सणाला रिक्षातून मांडीवर डबा घेऊन जायचे आणि डब्याचं झाकण नुसतं वर ठेवलेलं असायचं. घट्ट झाकणात आमटीला वास लागतो, हे आत्याबाईंचं मत, आणि आत्याबाईंच्या मतावर अपील नव्हतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरानं कडीचा डबा घेतला असता. आपण नाही. नानांनी अट घातली की या पाडव्याला आमटी तुझ्या गाडीतून जाईल. एक थेंब सांडला तर नोकरी चालू. आणि जनाजा निघाल्यासारखी हळू चालवायची नाही, एकाही रिक्षानं आपल्याला मागं टाकता कामा नये.

त्याच आठवड्यात दुबईहून पार्सल आलं. त्यात शॉकअप होते, जाड दांडा होता आणि तुझ्या त्या लाडक्या आखूड स्प्रिंगाही होत्या. मी तुला हात जोडले. म्हटलं, शॉकअप घाल, दांडा घाल, पण स्प्रिंगा जुन्याच राहू दे. वाटेत रेल्वेचे रूळ आहेत, तिथं गाडी उडेल. तू म्हणालास, रूळ एका सेकंदाचे आहेत, वळणं चार आहेत. मी म्हटलं, वळणावर आमटी कलणारच, त्याला स्प्रिंग काय करणार, ते गतीचं गणित आहे. तू म्हणालास, हळुवार घेतलं तर नाही सांडत. यावर आपण इतके भांडलो की दादांनी पेपर खाली ठेवला. तू आखूड स्प्रिंगाच बसवल्यास.

पाडव्याच्या सकाळी मी पुरणपोळ्या घेऊन रिक्षानं पुढे गेले. गाडीत दोनच सीटा, मी बसणार कुठं? अंबरपेठेत शेजारच्या तेलुगू घरांतून उगादीची पच्चडी येऊन पडली होती, आत्याबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मी उभी होते, कारण मला बसवत नव्हतं. तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली. खरं सांगते, फार सुंदर वळली. जराही कलली नाही. नाना ताठ बसले होते, पांढरं धोतर, मांडीवर डबा आणि त्यावर दोन्ही हात. तू उतरून दार उघडायला धावलास तर त्यांनी हातानंच तुला थांबवलं. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पुढे धरलं, डबा घेऊन स्वतः उतरले आणि तुझ्याकडे न बघता म्हणाले, "एक थेंब नाही. अर्जी मंजूर."

तू आत्याबाईंच्या पाया पडलास, माझ्या पडलास, शेजारच्या तेलुगू आजींच्याही पडलास. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणालास, "बोर्डावर लिहून ठेवा वहिनी."

मी काहीच लिहिलं नाही, कारण तोवर नानांनी मला आतल्या खोलीतून हाक मारली होती. ते आत्याबाईंच्या यजमानांचं जुनं धोतर नेसून उभे होते आणि कोपऱ्यात त्यांच्या स्वतःच्या धोतराचा बोळा होता. मसाल्याचा तांबडा डाग, पार गुडघ्यापर्यंत. डबा हातात घेतला तर निम्मा हलका. "रुळांवर उडाली," नाना म्हणाले. "हे तू धू. इतर कुणाकडे देऊ नकोस. आणि हे कुणाला बोलायचं नाही." हा माणूस साक्षीदाराच्या एका शब्दावरून रात्रीची झोप घालवणारा. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, मग निकाल?" ते उपरण्याची घडी घालत राहिले. म्हणाले, "त्याचं सगळं नशीब माझ्या मांडीवर होतं. पण एकदाही त्यानं डब्याकडे बघितलं नाही. डोळे रस्त्यावर. काम येणारा माणूस असा असतो, सूनबाई. स्प्रिंगा काय, बदलता येतात."

मी ते धोतर लिंबू आणि साबण लावून, घासून घासून धुतलं. डाग पुसट झाला, गेला मात्र नाही.

तर विनू, इथून पुढे माझी जी काय फरफट झाली तिचा हिशेब तुझ्याशी करायचा होता. वर्कशॉप निघालं, चाललं, शहरातल्या हौशी लोकांच्या गाड्या तुझ्या दारात उभ्या राहायला लागल्या. नाना स्वतः संध्याकाळी नामपल्लीला येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि गिऱ्हाइकांना उर्दू शेर ऐकवायचे. मला आनंदच होता. पण वाद कुठलाही निघो, मोटारीचा, राजकारणाचा, वरणात गूळ घालण्याचा, हरायला लागलास की तुझं ते एकच वाक्य ठरलेलं, "पण आमटी सांडली नव्हती, वहिनी." आणि मी मूग गिळून बसायची. माझं गणित बरोबर होतं, पुरावा मी माझ्या हातांनी धुतला होता, आणि मला बोलायची सोय नव्हती. नाना गेल्यावर एकदा वाटलं, आता सांगावं. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि राहू दिलं.

माझी आई गेली तेव्हा पुण्यापर्यंत तूच मला घेऊन गेलास. विमानाचं काही जमलं नाही, दादा दौऱ्यावर होते, तू हिरवी गाडी काढलीस आणि म्हणालास, बसा. सोलापूरपर्यंत तू एक अक्षर बोलला नाहीस, आणि तू न बोलणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी रडत होते, मध्येच डोळा लागत होता, जागी होऊन पुन्हा रडत होते. त्या सबंध रस्त्यात मला एक खड्डा जाणवला नाही. परतताना मी म्हटलंसुद्धा, काय रे, तुझ्या कडक स्प्रिंगा इतक्या मऊ कशा झाल्या? तू म्हणालास, रुळल्या आता. मी म्हटलं, लोखंड असं रुळत नसतं. तर म्हणालास, हैदराबादची हवा आहे जी, इथं सगळेच जरा निवांत होतात. मला आईनंतर पहिल्यांदा हसू आलं. त्या दिवसाबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. दिराचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, हे खरं, पण मानायला हवे होते.

आता सत्तारभाईंचं. तुझ्या वर्कशॉपात पहिल्या दिवसापासून असलेला हा माणूस काल व्हरांड्यात बसला, चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "भाबी, एक बात विनूभाई बोलने नक्को बोले थे. अब वो नै रहे तो मेरे पेट में रहती नै." पाडव्याच्या दुपारी तू गाडी घेऊन त्यांच्याकडे गेला होतास. सीट धुवायला. सीटच्या शिवणीत मसाला गेला होता, दोघांनी मिळून ब्रशनं काढला. नानांच्या बाजूची सीट, विनू. धोतर मी लपवलं, नानांनी उपरणं पुढे धरलं, पण रोज स्वतःच्या हातानं ती सीट पुसणाऱ्या माणसापासून सीट कोण लपवणार होतं? आम्हा दोघा शहाण्यांच्या हे डोक्यातच आलं नाही.

"दुसरे हफ्ते में छोटे स्प्रिंगां निकाल दिए," सत्तारभाई म्हणाले. "पुराने डाले. बोले, भाबी का हिसाब सही था." नंतर वर्कशॉपमध्ये कुणी आखूड स्प्रिंगा मागितल्या की तू आधी अर्धा तास त्याची समजूत घालायचास म्हणे. शॉकअप बदला, दांडा जाड घ्या, स्प्रिंगांना हात लावू नका. माझंच वाक्य, शब्दाला शब्द. "मैं पूछा, फिर घर में काइकू बोलते नै गिरी, नै गिरी? तो बोले, नाना बोल दिए नै गिरी, तो नै गिरी. उनका बोल झूटा नै पड़ना."

म्हणजे तुला माहीत होतं. ते वाक्य तू जिंकण्यासाठी म्हणत होतास असं मी इतकी वर्षं समजत होते. नाना होते तोवर तू ते त्यांना ऐकू जावं म्हणून म्हणायचास, आणि ते गेल्यावरही म्हणतच राहिलास. मी चिडून गप्प बसले की तू हसायचास. त्या हसण्याचा मला किती राग यायचा. काल सत्तारभाईंसमोर मला रडू आवरलं नाही, आणि रडतानासुद्धा मनात हेच होतं की या माणसाला आत्ता, या मिनिटाला, चार शब्द सुनावायला मिळाले पाहिजेत. एकदा तरी सांगायचंस. मी कुणाला बोलले असते का?

तेवढ्यात तुझी ईशा बाहेर आली. शनिवारी तुझ्या आठवणी सांगायला सगळे जमणार आहेत, तिथं ती बोलणार आहे. मराठी तिला बोलता येतं, वाचायला दिलं की अक्षर अक्षर लावत बसते, म्हणून तर हे सगळं इथं निर्धास्त लिहिते आहे. "काकू," ती म्हणाली, "ती आजोबांची आमटीवाली स्टोरी मी सांगणार आहे. बाबा नेहमी सांगायचे ती. पण मला कन्फर्म करायचंय, थोडी तरी सांडली असेल ना? ओपन गाडी, लूज झाकण, कसं शक्य आहे?"

तुझीच मुलगी. प्रश्न बरोबर विचारते. सत्तारभाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. खरं सांगायची इतकी वर्षं वाट बघितली होती मी. माझं गणित बरोबर होतं हे चारचौघांत ऐकायची संधी अशी दारात येऊन उभी होती.

"नाही गं," मी म्हटलं. "मी स्वतः डबा हातात घेतला होता. एक थेंबसुद्धा सांडला नव्हता."